बोली एका दिवसाची, भुईभाडं 75 वर्षांचं

कोकणात आंब्याची बाग हंगामापुरती कराराने देतात. व्यापारी येतो, मोहोर बघतो, मनाशी पेट्यांचा हिशेब मांडतो आणि आकडा बोलतो. अवकाळी पाऊस आला, तुडतुडा पडला की हिशेब फसतो. पण फसला तरी एकाच हंगामापुरता. पुढच्या वर्षी तोच माणूस जरा हात राखून बोलतो.

आता समजा, बोली एकदाच लावायची आणि तोच आकडा पुढची 75 वर्षं, दर वर्षी मोजायचा. बाग तर अजून लावलेलीही नाही. समोर नुसता उघडाबोडका डोंगर आणि समुद्र. वर शेजारच्या खुर्चीत धंद्यातला जुना प्रतिस्पर्धी बसलाय. तुम्ही दहा म्हटलं की तो अकरा म्हणतोय.

हाँगकाँगमध्ये ब्रिटिशांनी पहिल्यांदा जमीन दिली ती जवळपास अशीच. त्यानंतर कितीतरी वर्षं तिथले मोठमोठे जमीनधारक सरकारदरबारी एकच गाऱ्हाणं घेऊन जात राहिले: आमच्या लॉटचं, म्हणजे लिलावात घेतलेल्या जमिनीच्या तुकड्याचं, भुईभाडं कमी करा. वरवर पाहिलं तर हा श्रीमंतांचा रडगाण्याचा प्रकार वाटतो, आणि थोडाफार तो होताही. पण त्यात एक खरा पेच दडलेला आहे आणि तो आजच्या मुंबईतल्या भाडेपट्ट्यांनाही लागू पडतो, म्हणून जरा उलगडून बघू.

26 जानेवारी 1841 ला हाँगकाँग बेटावर ब्रिटिश झेंडा लागला. चीनशी अफूवरून लढाई सुरूच होती, तह अजून व्हायचा होता. तिथला ब्रिटिश प्रतिनिधी कॅप्टन चार्ल्स इलियट याला मात्र घाई होती. व्यापारी बेटावर येऊन राहिले, गोदामं उभी राहिली, की लंडनला ते बेट सोडून देणं अवघड जाईल, असा त्याचा होरा असावा. 7 जूनला त्याने बंदर सर्वांना खुलं, जकातमुक्त असल्याचं जाहीर केलं आणि 14 जूनला जमिनीचा लिलाव केला. तोही बेटावर नाही, तर पलीकडे पोर्तुगीजांच्या मकावमध्ये, कारण व्यापारी होते तिथे.

लिलावात होते ते किनाऱ्याचे तुकडे, प्रत्येकाला सुमारे 100 फुटांचं समुद्राकडचं तोंड. सुरुवातीची बोली 10 पौंड, नंतर दहा-दहा शिलिंगांनी चढत जायचं. ज्याला लॉट मिळेल त्याने सहा महिन्यांत किमान 1,000 डॉलरचं बांधकाम करायचं आणि हमी म्हणून 500 डॉलर अनामत ठेवायची. बोली लावणाऱ्यांत जार्डिन मॅथेसन आणि डेंट या एकमेकांना पाण्यात बघणाऱ्या बड्या पेढ्या होत्या आणि मुंबईचे पारशी व्यापारीही होते. त्यात नवल काही नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि जार्डिनचे मुंबईतले भागीदार-मित्र होते सर जमशेटजी जीजीभाई.

(जाता जाता: 1668 मध्ये इंग्लंडच्या राजाने अख्खं मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, तेही वर्षाला 10 पौंड भाड्याने. हाँगकाँगच्या एका लॉटची बोली जिथून सुरू झाली, तेवढ्यात आपली मुंबई गेली होती. मधल्या पावणेदोनशे वर्षांत पैशाची किंमत उतरली होती हे खरं, तरी मुंबईकराच्या जिवाला लागतंच.)

तर आता गोम. त्या दिवशी बोली कशाची लागत होती? जमिनीच्या किमतीची नव्हे, वार्षिक भाड्याची.

सरकारी जमीन देण्याच्या साधारण दोन तऱ्हा असतात. एक, सुरुवातीला घसघशीत रक्कम एकदाच घ्यायची, तिला प्रीमियम म्हणू, आणि पुढे वर्षाला नावापुरतं भाडं ठेवायचं. दुसरी, सुरुवातीला काहीच घ्यायचं नाही, पण वर्षाचं भाडं चढ्या बोलीने ठरवायचं. पहिल्या तऱ्हेत खिशातून आज पैसे जातात, म्हणून माणूस जपून बोलतो. दुसऱ्या तऱ्हेत आज जवळपास काहीच जात नाही, सगळं पुढच्या वर्षांवर ढकललेलं. ईएमआयवर फोन घेणाऱ्याला दुकानदार पूर्ण किंमत सांगतच नाही, महिन्याचा हप्ता सांगतो, तसंच काहीसं. आकडा लहान दिसतो आणि जीभ सैल सुटते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका व्यापाऱ्याने 100 पौंड वार्षिक भाड्यावर लॉट घेतला. व्याज 5 टक्के धरलं, तर 75 वर्षं दर वर्षी 100 पौंड देण्याची आजची किंमत निघते सुमारे 1,950 पौंड. म्हणजे तोंडाने तो ‘शंभर’ म्हणाला, पण डोक्यावर ओझं घेतलं जवळपास दोन हजारांचं. शेजारच्याशी चुरशीने आणखी 20 पौंड चढवले तर ते 20 नसतात, आजच्या हिशेबाने 390 असतात. लिलावाच्या गरमागरमीत हा गुणाकार कोण करतो?

इलियटला लिलावानंतर बहुधा जाणवलं की आकडे फुगलेत. तीनच दिवसांनी, 17 जूनला, त्याने जार्डिन मॅथेसन आणि डेंट या पेढ्यांना एक पत्र लिहिलं. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ हेच. मी सरकारकडे शिफारस करीन, असं त्यात होतं: एकतर या दराने एक-दोन वर्षांच्या भाड्याएवढी रक्कम घेऊन जमिनी कायमच्या मालकीने द्याव्यात, नाहीतर पुढे त्यांवर फक्त नाममात्र भुईभाडं ठेवावं.

हे वचन किती मोठं होतं ते बघा. त्या काळी इंग्लंडात जमिनीची किंमत ‘किती वर्षांच्या भाड्याएवढी’ अशी सांगायची रीत होती. तिथल्या शेतजमिनीला वीस-पंचवीस वर्षांच्या भाड्याहून कमी किंमत सहसा येत नसे. इलियट म्हणत होता एक किंवा दोन वर्षं. आपल्या उदाहरणातला 2,000 पौंडांचा बोजा 100-200 पौंडांत मिटणार होता, वर जमीन कायमची. असं पत्र हातात पडल्यावर कुठला व्यापारी बोली जास्त झाली म्हणून लॉट परत करील? सगळे निवांत झाले आणि बांधायला लागले.

पण पत्रातला शब्द नीट वाचा: ‘शिफारस करीन’. देणारा इलियट नव्हताच. आणि तोवर लंडनने त्याला घरी बोलवायचं ठरवलंही होतं. ऑगस्टमध्ये त्याच्या जागी सर हेन्री पॉटिंजर आला. नानकिंगचा तह झाला ऑगस्ट 1842 मध्ये, त्यावर पक्कं शिक्कामोर्तब जून 1843 मध्ये, आणि मगच लंडनने जमिनीकडे लक्ष दिलं. निर्णय आला तो असा: जमीन कायमची कोणालाही द्यायची नाही. बांधकामाच्या लॉटना पट्टा 75 वर्षांचा. भाडं? जे बोललात ते.

इथून अर्जांची रांग लागली.

असा अर्ज कसा असतो, हे बघण्यासारखं आहे. आपल्याकडच्या जुन्या दप्तरांत ‘गरीब अर्जदार मेहेरबान सरकारांस विनंतीपूर्वक लिहितो की’ अशी सुरुवात असते, तसाच थाट इंग्रजीतही होता. अर्जदाराची जहाजं बंदरात उभी, दगडी गोदामात अफूच्या पेट्या, पण कागदावर तो अतिनम्र. अर्ज जायचा गव्हर्नरच्या कचेरीत. सर्व्हेअर जनरल त्यावर शेरा मारायचा: लॉट किती, तोंड किती, बांधकाम किती, शेजारचा काय भरतो. गव्हर्नर आपलं मत जोडायचा आणि मोठा मामला असेल तर कागद लंडनला. उत्तर यायला महिनेच्या महिने. तोवर भाडं चालूच, आणि थकलं तर लॉट परत घ्यायचा हक्क सरकारकडे.

अर्जदारांचं म्हणणं ऐकून घ्यायला हरकत नाही, ते सगळंच पोकळ नव्हतं. इलियटचं पत्र हा पहिला आधार: आम्ही सरकारी माणसाच्या शब्दावर पैसा घातला. दुसरं, लिलावात लॉट मोजकेच काढले होते. जागेचा तुटवडा सरकारनेच निर्माण केला आणि त्या तुटवड्याचा भाव आम्हाला कायमचा चिकटला. तिसरं, डोंगर फोडून जमीन सपाट करण्यात, धक्के बांधण्यात आमचाच पैसा गेला. 1841 च्या जुलैमध्ये पाच दिवसांच्या अंतराने आलेल्या दोन वादळांनी उभं केलेलं पाडलं, 1843 मध्ये तापाने माणसं गेली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे धंदा आलाच नाही. तहाने चीनची पाच बंदरं उघडली होती. शांघायला थेट जहाज जात असताना हाँगकाँगला माल उतरवायचा कशाला? वसाहतीचा खजिनदार माँटगोमेरी मार्टिन यानेच 1844 मध्ये अहवाल लिहिला की या बेटात काही राम नाही. ऑगस्ट 1845 मध्ये व्यापाऱ्यांनी थेट लंडनच्या वसाहतमंत्र्याकडे निवेदन धाडलं. त्यात जमिनीच्या भाड्याचं दुखणं ठळक होतं.

सरकारची बाजूही सरळ होती. बोली तुम्हीच लावलीत, कोणी पिस्तूल रोखलं नव्हतं. बंदर जकातमुक्त, त्यामुळे जकातीचं उत्पन्न शून्य. पोलीस, न्यायालय, रस्ते, कारकून यांचे पगार काढायचे तर हक्काचं उत्पन्न जमिनीचंच, आणि उरलेली तूट ब्रिटिश पार्लमेंट भरत होतं. तुम्हाला सूट म्हणजे लंडनच्या करदात्याच्या खिशात हात. शिवाय एकाला सूट दिली की उद्या दारात पन्नास उभे. आणि ज्याने लिलावात शहाणपणाने कमी बोली लावली आणि म्हणून लॉट गमावला, त्याचं काय? त्याला कोण सांगणार की बाबा, तूही वाट्टेल ते बोलायला हवं होतंस, नंतर कमी करून मिळालं असतं?

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. निविदा भरताना अवाच्या सवा आकडा टाकायचा आणि काम मिळाल्यावर परवडत नाही म्हणून बदलून मागायचा, हा खेळ आपण टोलपासून वाळूच्या लिलावापर्यंत पाहिलेला आहे. नंतर सूट मिळते हे एकदा कळलं की लिलावाला अर्थच राहत नाही. तरी इलियटच्या पत्राचं काय, हा प्रश्न उरतोच. सरकारचा माणूस लेखी काही बोलला आणि लोकांनी त्यावर घरं बांधली, तर ‘त्याला तो अधिकार नव्हता’ एवढ्यावर हात झटकणं मला पटत नाही.

1847 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या सिलेक्ट कमिटीने, म्हणजे निवडक खासदारांच्या समितीने, चीनच्या व्यापाराची चौकशी केली. जार्डिन मॅथेसनचा अलेक्झांडर मॅथेसन तिथे साक्षीला होता. समितीचं मत व्यापाऱ्यांच्या बाजूने झुकलं: हे बेट नेहमीसारखी वसाहत नाही, साऱ्या चिनी समुद्रातल्या व्यापाराची ती चौकी आहे, तिचा खर्च तिथे राहणाऱ्या मूठभर व्यापाऱ्यांवर लादणं बरं नाही. त्यानंतर नवा गव्हर्नर बोनॅम याच्या काळात लंडनने हात सैल सोडला, पण कसा? मार्च 1849 मध्ये जाहीर झालं की 75 वर्षांचे पट्टे आणखी 924 वर्षांनी वाढवून 999 वर्षांचे करता येतील.

मागितलं होतं भाडं कमी, मिळाली मुदत जास्त. ही चाल समजली की अर्धा विषय समजला.

भाड्यात सूट दिली तर तिजोरीत याच वर्षी खड्डा पडतो. मुदत वाढवली तर आज एक दमडीही जात नाही. सरकार सोडतं काय, तर 75 वर्षांनी जमीन परत घेण्याचा हक्क. त्याची किंमत किती? समजा 75 वर्षांनी ती जमीन 2,000 पौंडांची असेल. 5 टक्क्यांनी हिशेब केला तर आज फक्त 52 पौंड बाजूला ठेवले की 75 वर्षांनी त्याचे 2,000 होतात. म्हणजे 924 वर्षांचं दान सरकारला पडलं 52 पौंडांना. उलट पट्टेदाराला मात्र एकदम मालक झाल्यासारखं वाटलं. गहाण ठेवता येतं, नातवंडांना देता येतं, पक्कं बांधता येतं. स्वस्तात दोघेही खूश. पुढे जमीन कितीच्या कितीने महाग झाली तेव्हा या 52 पौंडांच्या हिशेबातली चूक लंडनला उमगली, आणि 1898 मध्ये नवे 999 वर्षांचे पट्टे देणं बंद करून पुन्हा 75 वर आणण्यात आलं.

लिलावाची तऱ्हाही 1851 च्या सुमारास पालटली. भाडं आधीच माफक ठरवून टाकायचं आणि बोली लावायची ती प्रीमियमची. चूक झालीच तर एकदाच काय ते नुकसान, दर वर्षी अर्ज घेऊन यायला नको. मला विचाराल तर इतक्या वर्षांच्या कटकटीतून निघालेली ही सगळ्यात शहाणी गोष्ट. एवढ्याने बरेचसे अर्ज जन्मालाच आले नसते.

मात्र भाडं जड झालं म्हणून रडणाऱ्यांची दुसरी बाजूही दप्तरात आहे. समुद्राकडच्या लॉटवाल्यांनी आपापल्या पुढ्यात दगडमाती टाकून गुपचूप जमीन वाढवली होती. पट्ट्यात 100 फूट खोल असलेला लॉट प्रत्यक्षात बराच पुढे गेलेला, आणि वाढीव जागेचं भाडं शून्य. 1850 च्या दशकात गव्हर्नर बाउरिंगने किनाऱ्याने सलग धक्का-रस्ता बांधायचं ठरवलं आणि या भर टाकलेल्या जागेचं भाडं मागितलं, तेव्हा सगळ्यात कडवा विरोध केला डेंट पेढीने. 1859 मध्ये विधान परिषदेत ती योजना पडली, आणि पाडणाऱ्यांत सरकारी सभासदही होते. रस्ता झाला, पण पुढे 1860 च्या दशकात. बाल्कनी बंद करून खोली केलेल्यांनीच घरपट्टी जास्त आली म्हणून ओरडावं, तसला हा प्रकार.

आणि अर्ज कोणाचे ऐकले जात होते, हेही बघायला हवं. 1844 मध्ये मध्यवस्तीच्या बाजारातली चिनी दुकानदारांची वस्ती उठवून त्यांना ताइपिंगशानच्या उतारावर धाडलं गेलं, कारण ती जागा युरोपियनांसाठी हवी होती. त्यांच्यासाठी पार्लमेंटची कुठली समिती बसली नाही.

माझ्या मामाची सोसायटी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहे. काही वर्षांपूर्वी पट्टा संपत आल्याची नोटीस आली, तेव्हा सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींनी मूळ कागदाची झेरॉक्स फिरवली. कागद इतका पिवळा की झेरॉक्सवर काळा ढग आलेला, त्यातून भाड्याचा आकडा तेवढा वाचता येत होता. वर्षाचं भाडं एका चहा-नाश्त्याच्या बिलाएवढं. सगळे हसले. मग नव्या भाड्याचा अंदाज वाचून दाखवला आणि हसू थांबलं. मामा मला म्हणाला, “अरे, आम्ही फ्लॅट विकत घेतला होता ना?” फ्लॅट घेतला होता, जमीन नव्हती.

मुंबईत हे नवं नाही. ‘फोरास रोड’ या नावातला फोरास शब्द पोर्तुगीज ‘फोरो’ म्हणजे भुईभाडं यावरून आला. इथल्या जमिनींवर फोरास, टोका, फझंदारी अशा नाना तऱ्हा होत्या आणि फोरास जमिनींवरचा सरकारी हक्क कुठवर, हा वाद मिटवायला 1851 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. आजच्या घडीला वांद्र्याच्या सरकारी जमिनीवरच्या सोसायट्या पट्टा नवा करताना रेडी रेकनरच्या हिशेबाने लावलेल्या भाड्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. वाढ काहीशे पटींची होती, तरी ती बेकायदा ठरवायला न्यायालयाने 2024 मध्ये नकार दिला. दोन्हीकडचे युक्तिवाद वाचताना तारखा झाकल्या, तर 1845 चं निवेदन आणि त्याचं उत्तर वाचतोय असं वाटतं. एकच मोठा फरक आहे: हाँगकाँगच्या व्यापाऱ्याने आपला आकडा स्वतः बोलला होता, वांद्र्याच्या सभासदाला तो नोटिशीतून कळला.

हाँगकाँगने पुढे या प्रश्नावर वेगळाच तोडगा काढला. 1984 च्या ब्रिटन-चीन संयुक्त जाहीरनाम्यात ठरलं की संपणारे पट्टे 2047 पर्यंत वाढवायचे, नव्याने प्रीमियम घ्यायचा नाही, पण वर्षाला मालमत्तेच्या करपात्र भाडेमूल्याच्या 3 टक्के भुईभाडं. म्हणजे आकडा गोठलेला नाही. बाजार चढला की भाडं चढतं, उतरला की उतरतं. सूट मागायला अर्ज करायचं कारणच उरत नाही. अपवाद ठेवला तो न्यू टेरिटरीजमधल्या, म्हणजे 1898 मध्ये ब्रिटिशांनी चीनकडून पट्ट्याने घेतलेल्या भागातल्या, मूळ गावकऱ्यांचा. 1898 मध्ये तिथे राहणाऱ्यांच्या पुरुषवंशातल्या वारसांकडे गावची जमीन असेल तर जुनंच भाडं चालू.

ज्या लॉटच्या भाड्यावरून एवढं रण माजलं, त्यांतल्या काहींचे 999 वर्षांचे पट्टे अजून चालू आहेत. भाड्याचा आकडा गोठला तो गोठलाच आणि पैशाची किंमत घसरत गेली. समितीने जे केलं नाही ते महागाईने बिनबोभाट केलं. ज्या शहरात आज गाडी लावायच्या जागेला कोट्यवधी रुपये पडतात, तिथे या जमिनींचं वर्षाचं सरकारी भाडं चिल्लर झालंय. पट्टे संपायला 2840 चं दशक उजाडेल. तोवर सूट मागायला कोणी कचेरीत जायचं म्हटलं, तर टॅक्सीचं भाडंच जास्त व्हायचं.